गॅरेजची आणि जागेची किंमत कशी काढावी?

(साक्षरता वर्गापुढे दिलेले व्याख्यान)



आज आपण एका गॅरेजची किंमत काढणार आहोत. तुम्ही म्हणाल, किंमत काढायला काय लागतं? चावडीवर बसलेला कोणीही सांगेल, "दहा लाख." दुसरा म्हणेल, "छे, वीस लाख." उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण जागा विकताना, वाटणी करताना, कर्ज काढताना किंवा सरकार रस्त्यासाठी जागा घेताना असा अंदाज चालत नाही. तिथे एका चुकीच्या आकड्याने भावाभावांत वैर येते, बहिणीचा वाटा बुडतो. म्हणून किंमत कशी ठरते, ते आपल्याला कळले पाहिजे. तुम्हाला आता वाचता येते. बेरीज-वजाबाकी येते. एवढ्यावर हे काम होते.

एक घर, तीन मते

आपण एक उदाहरण धरू. सातारा-सांगलीकडचे एक गाव आहे. गावाबाहेर जिल्हा रस्त्याला लागून एका मिस्त्रीचे गॅरेज होते. ट्रॅक्टर, मोटारसायकली, उसाच्या ट्रॉल्या तिथे दुरुस्त होत. जागा आणि शेड त्याने स्वतःच्या कमाईने घेतली. पुढे तो वारला. त्याची बायको आधीच गेली होती. मागे तीन लेकरे राहिली. थोरला मुंबईला नोकरीत. धाकटा बापाच्या हाताखाली शिकला, तोच गॅरेज चालवतो. बहीण लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात गेली.

वर्षश्राद्धाला तिघे जमले. थोरला म्हणाला, "फाट्यावर गुंठा सहा लाखानं गेला. आपली जागा पाच गुंठं. तीस लाख झालं. माझं दहा दे."

धाकटा म्हणाला, "दादा, तो फाटा हाय. आपली जागा मैलभर आत. अन् पंधरा वर्षांचा जुना पत्रा. कोण देतंय तीस लाख?"

बहीण म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा. पण माझा वाटा किती, त्ये कुणी सांगा की!"

आता या तिघांत खरे कोण? कोणीच खोटे बोलत नाही. पण कोणी हिशेबही केलेला नाही. तो आपण करू.

आधी कागद

जागेची किंमत मातीत निम्मी आणि कागदात निम्मी असते. म्हणून पहिल्याने कागद बघायचा.

पहिला कागद सातबारा. गाव नमुना सातमध्ये जागा कोणाच्या नावावर आहे आणि किती आहे ते लिहिलेले असते. त्यातच 'इतर हक्क' असा एक रकाना आहे. तो नीट वाचा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तिथे दिसतो. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, तेही पाहा. वर्ग २ ची जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि परवानगीसाठी नजराणा भरावा लागतो. तेवढी तिची किंमत कमी.

दुसरा कागद फेरफार. मालक वारला की वारसांची नावे लागली पाहिजेत. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांच्याकडे हे काम होते.

तिसरा कागद ग्रामपंचायतीचा नमुना ८. त्यात शेडची नोंद आणि घरपट्टी असते. शेड उभी आहे, पण कागदावर नाही, असे असेल तर घेणारा बिचकतो आणि भाव पाडतो.

चौथी गोष्ट बिगरशेतीची. जागा अजून शेतीची असेल, तर महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला ती सहज घेता येत नाही. गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. शिवाय १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. या कायद्यांत वेळोवेळी बदल होतात. म्हणून सौदा ठरण्याआधी तहसील कचेरीत चालू नियम विचारावा. ऐकीव माहितीवर इसार देऊ नये.

आपल्या भागातली एक गंमत सांगतो. १९४९ साली दक्षिण सातारा नावाचा वेगळा जिल्हा झाला. १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवले. म्हणून जुन्या खरेदीखतावर 'जिल्हा दक्षिण सातारा' असे दिसले तर घाबरू नका. तो कागद तुमचाच आहे. जपून ठेवा.

मग मोजणी

थोरला म्हणतो पाच गुंठे. पण कशावरून? वडील म्हणायचे म्हणून.

गुंठा म्हणजे काय, ते पाठ करा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. चौरस फुटांत १,०८९. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर असतात. १०० आर म्हणजे एक हेक्टर. एक आर हा एका गुंठ्याहून किंचित लहान असतो.

या भावंडांनी भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून सरकारी मोजणी करून घेतली असे समजा. जागा ६६ फूट बाय ६६ फूट निघाली. म्हणजे ४,३५६ चौरस फूट. म्हणजे नेमके चार गुंठे. मग पाचवा गुंठा कुठे गेला? तो रस्त्याच्या हद्दीत होता. गाड्या तिथे उभ्या राहत, म्हणून आपला वाटे.

रस्त्याच्या कडेला असे फार होते. शिवाय रस्त्यापासून ठराविक अंतर सोडूनच बांधकाम करता येते. तिला इमारत रेषा म्हणतात. ती रेषा कुठे येते, हे सार्वजनिक बांधकाम खात्यात विचारावे. आणि एक पक्के ध्यानात ठेवा. गायरानात किंवा रस्त्याच्या हद्दीत शेड असेल, तर किंमत फक्त पत्र्याची होते. जागेची होत नाही.

जागेचा भाव

आता भाव. भाव दोन प्रकारचे असतात.

एक सरकारी दर. मुद्रांक खाते दर गावाचा तक्ता काढते. त्याला लोक रेडी रेकनर म्हणतात. मुद्रांक शुल्क किती भरायचे, यासाठी तो असतो. तो पाहावा. पण तोच बाजारभाव असे समजू नये.

दुसरा खरा भाव. जवळपास, अलीकडे, तशाच जागा कितीला गेल्या त्यावरून तो काढतात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूची २ नावाचा कागद असतो. कोणती जागा कोणत्या साली कितीला गेली ते त्यात असते. फी भरून कोणालाही तो पाहता येतो.

समजा, तिघांना तीन खरेद्या सापडल्या. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावचे तुम्ही शोधा.

पहिली: त्याच रस्त्यावर २ गुंठे, बिगरशेती, गेल्या वर्षी. गुंठ्याला ३,००,००० रुपये.

दुसरी: त्याच रस्त्यावर १० गुंठे, दोन वर्षांपूर्वी. गुंठ्याला २,४०,००० रुपये.

तिसरी: फाट्यावर १ गुंठा. ६,००,००० रुपये.

थोरल्याने तिसरी धरली. ती का धरता येत नाही? एक तर फाट्यावर चार वाटा मिळतात. चहावाला, पंक्चरवाला, औषधवाला, सगळ्यांना तीच जागा हवी असते. दुसरे, ती घेणारा शेजारचा दुकानदार होता. त्याला भिंतीला लागून तेवढाच तुकडा हवा होता. गरजवंताने दिलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. तसेच, कर्जापायी कोणी घाईने विकली असेल, तर ती पडेल किंमतही धरू नये. भावाभावांतला सौदाही धरू नये.

राहिल्या दोन. लहान जागेचा गुंठ्याचा भाव नेहमी जास्त असतो. मोठ्या जागेचा कमी, कारण मागची जमीन रस्त्यापासून लांब पडते. आपली जागा चार गुंठ्यांची. रस्त्याला तोंड ६६ फूट, गाडी वळवायला ऐसपैस. तेव्हा भाव दोन्हींच्या मधला, पण पहिलीच्या जवळचा. गुंठ्याला २,८०,००० धरू.

४ गुंठे गुणिले २,८०,००० म्हणजे ११,२०,००० रुपये. ही झाली जागा.

शेडची किंमत

शेड २० फूट बाय ४० फूट. म्हणजे ८०० चौरस फूट. तशीच शेड आज नवी उभी करायला काय लागेल, ते गावच्या फॅब्रिकेशनवाल्याला विचारा. पत्रा, अँगल, जोता, कोबा, शटर, मजुरी सगळे धरून. समजा, चौरस फुटाला ९०० रुपये. म्हणजे ७,२०,००० रुपये.

पण ही नवीची किंमत झाली. आपली शेड पंधरा वर्षांची. नीट राखली तर अशी शेड ३० वर्षे टिकेल असे धरू. शेवटी भंगाराचे दहावा हिस्सा, म्हणजे ७२,००० येतील. उरलेले ६,४८,००० रुपये ३० वर्षांत झिजणार. वर्षाला २१,६००. पंधरा वर्षांचे ३,२४,०००. नवीच्या किमतीतून हे वजा करा. राहिले ३,९६,००० रुपये.

यालाच घसारा म्हणतात. बैल म्हातारा झाला की त्याचा भाव उतरतो, तसा पत्र्याचाही उतरतो. मातीला मात्र घसारा नसतो. म्हणून जागा आणि शेड वेगवेगळी मोजायची. एकत्र मोजली की हिशेब चुकलाच.

गाडीखाली उतरायचा खड्डा, बोअर, तीन फेज वीज आणि कुंपण यांची आजच्या स्थितीतली किंमत १,०४,००० धरू.

जागा ११,२०,०००, शेड ३,९६,००० आणि बाकी १,०४,०००. बेरीज १६,२०,००० रुपये.

भाड्यावरून ताळा

शाळेत गणिताचा ताळा करतात, तसा इथेही करावा. ही जागा शेडसकट भाड्याने दिली तर काय येईल?

समजा, महिना ९,००० रुपये. वर्षाचे १,०८,०००. पण एखादा महिना जागा रिकामी राहते. ते ९,००० वजा. घरपट्टी आणि दुरुस्ती १२,००० वजा. हातात राहिले ८७,०००.

आता विचार करा. पैसे गुंतवणारा माणूस शंभर रुपयांमागे वर्षाला ६ रुपये मागत असेल, तर ८७,००० मिळण्यासाठी तो किती घालील? ८७,००० ला १०० ने गुणा आणि ६ ने भागा. उत्तर १४,५०,००० रुपये.

एका रीतीने १६,२०,००० आले. दुसऱ्या रीतीने १४,५०,०००. यात घाबरण्यासारखे काही नाही. किंमत म्हणजे तराजूतला काटा नव्हे. ती दोन खुणांमधली जागा आहे. या दोहोंच्या मध्ये रास्त किंमत असते. तिघांनी ती १५,५०,००० मानली असे समजू. थोरल्याचे तीस लाखही गेले आणि धाकट्याचा 'नुसता पत्रा'ही गेला.

काय धरायचे नाही आणि काय वजा करायचे

कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन, जॅक, पाने ही हत्यारे जागेच्या किमतीत धरायची नाहीत. ती उचलून नेता येतात. त्यांची यादी वेगळी करा आणि जुन्या बाजारातला भाव लावा. बापाने घेतलेली हत्यारे तिघांची. धाकट्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेली त्याची एकट्याची.

गिऱ्हाईकही जागेत धरायचे नाही. लोक तिथे येतात ते धाकट्याच्या हातासाठी. उद्या तो समोर गेला तर गिऱ्हाईक समोर जाईल.

याचा एक मोठा दाखला आपल्याच मुलखात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कारखाना काढला. ती जागा सोडायची पाळी आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ सुमारे ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि सापांचे ते रान होते. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर तिथे तयार झाले. माती तीच. तिची किंमत वाढली ती माणसाच्या हातामुळे आणि शेजारच्या रेल्वेमुळे. हाताची किंमत हाताजवळ राहते. ती मातीच्या हिशेबात मिसळू नये.

आता वजाबाकी. वर्षानुवर्षे जळके ऑइल जमिनीत मुरले असेल, तर घेणारा ती माती काढण्याचा खर्च मागतो. बोअरच्या पाण्याला वास येत असेल तर भाव आणखी पडतो. म्हणून जळके ऑइल जमिनीवर ओतू नका. पिंपात साठवा आणि परवाना असलेल्या घेणाऱ्याला द्या. माती जपली तर किंमत जपली.

आपल्या उदाहरणात ऑइल पिंपात होते. पण बापाच्या नावावर सोसायटीचे ५०,००० रुपये कर्ज राहिले होते. १५,५०,००० मधून ५०,००० गेले. राहिले १५,००,०००.

वाटणी

बापाची स्वकष्टाची मालमत्ता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलीचा वाटा मुलाइतकाच. वडिलोपार्जित मालमत्तेतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच हक्क आला आहे. इतर धर्मीयांना त्यांचा त्यांचा कायदा लागतो.

म्हणजे प्रत्येकी ५,००,०००. आता बहिणीला तिचा आकडा कळला.

चार गुंठ्यांचे तीन तुकडे करायचे का? करू नयेत. एकाच्या वाट्याला फाटक, दुसऱ्याच्या वाट्याला खड्डा आणि तिसऱ्याला मागची भिंत. गॅरेज मोडले आणि कोणाचेच भले झाले नाही. त्यापेक्षा धाकट्याने गॅरेज ठेवावे आणि सोसायटीचे कर्ज फेडावे. भाऊ आणि बहीण यांना पाच-पाच लाख द्यावेत. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवावेत. पण ते कागदावर, तारखेसह.

भगिनींनो, तुम्हाला एक सांगतो. 'नुसती सही कर, नाव लावायचं आहे' असे म्हणून कोणी कागद पुढे केला, तर आधी तो वाचा. वर 'हक्कसोडपत्र' असे लिहिले असेल, तर सही केल्यावर तुमचा वाटा गेला. खुशीने भावाला द्यायचा असेल तर जरूर द्या. पण पाच लाख देतो आहोत, हे माहीत असून द्या. न वाचता दिलेले दान हे दान नव्हे.

सरकार जागा घेते तेव्हा

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून पुणे-बंगळूर हमरस्ता जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ४ होता, आता ४८ आहे. शिरवळ, सातारा, उंब्रज, कराड, कासेगाव, पेठ नाका या वाटेवर कितीतरी गॅरेजे आहेत. रस्ता रुंद झाला की कोणाची जागा जाते. नवी बाह्यवळणे झाली की जुन्या रस्त्यावरचे गिऱ्हाईक आटते. म्हणून किंमत काढताना रस्ता उद्या कुठून जाणार, हेही विचारावे.

भूसंपादनाचा २०१३ चा कायदा आहे. त्यात बाजारभाव काढताना सरकारी दर पाहतात. जवळपासची मागच्या तीन वर्षांची खरेदीखतेही पाहतात. त्यांतल्या चढ्या दराच्या निम्म्या खतांची सरासरी धरतात. जे जास्त असेल ते घेतात. शेड, बोअर यांची किंमत वेगळी धरतात. वर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून देतात.

आता यातली मेख पाहा. पुष्कळ लोक मुद्रांक वाचवायला खरेदीखतात किंमत कमी लिहितात आणि बाकी रोख घेतात. हे बेकायदा आहेच. पण त्यात सबंध गावाचे नुकसान आहे. उद्या रस्त्याला जागा गेली, तर मोबदला त्याच खोट्या आकड्यांवरून ठरतो. एकाने चार हजार वाचवले आणि शेजाऱ्याचे चार लाख बुडवले, असे होते. म्हणून खरी किंमत लिहावी.

संयुक्त मोजणीला अधिकारी आले की घरी बसू नका. जागेवर हजर राहा. शेड, खड्डा, बोअर, वीजजोड हे सगळे पंचनाम्यात आले का ते वाचा. मग सही करा. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले आणि फोटो हाताशी ठेवा.

शेवटी

मंडळी, मोठा व्यवहार असेल तर नोंदणीकृत मूल्यमापकाकडून अहवाल घ्यावा. बँकही तोच मागते. पण त्याचा अहवाल तुम्हाला वाचता आला पाहिजे. जागा किती धरली, भाव कोणता, घसारा किती, बोजा वजा केला का, एवढे चार प्रश्न त्याला विचारा.

आता घरी जाऊन एक हिशेब करा. जागा ९९ फूट लांब आणि ३३ फूट रुंद आहे. गुंठे किती? गुंठ्याला २,००,००० रुपये भाव असेल तर जागेची किंमत किती? उद्या वर्गात पाटीवर लिहून आणा. ज्याचे उत्तर तीन गुंठे आणि सहा लाख येईल, त्याला कोणी सहज फसवणार नाही.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो. रामराम.